चुर्रकाकांच्या जजबाई

माझ्या थोरल्या भावाला तळणाचा कान आहे. कुणाला गाण्याचा असतो, याला तळणाचा. कढईकडे पाठ करून तो गिऱ्हाइकाशी गप्पा मारत असतो आणि मधेच बोलणं तोडून झारा उचलतो, तेव्हा आतला माल बरोब्बर सोनेरी झालेला असतो. मी एकदा विचारलं, "दादा, तुला न बघता कळतं कसं?" तर म्हणाला, "टाकल्याबरोबर माल ओरडतो. मग बडबडतो. मग कुजबुजायला लागतो. कुजबुज थांबायच्या आत काढायचा." एवढंच त्याचं शास्त्र. या शास्त्रावर त्याने सव्वीस वर्षं दुकान चालवलं, मुलीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं आणि वहिनी गेल्यावर स्वतःलाही सावरलं.

त्याचं दुकान शाळेच्या फाटकासमोर आणि त्याला लागून माझं शिवणाचं. मधली भिंत इतकी पातळ की त्याच्या कढईत बटाट्याच्या काचऱ्या पडल्या की माझ्या मशीनवर चुर्र ऐकू येतं. शाळेची मुलं त्याला चुर्रकाकाच म्हणतात. खरं नाव विचारलंत तर मलाही क्षणभर आठवावं लागेल. मी एकोणीस वर्षं त्या शाळेचे गणवेश शिवते. मला राग लवकर येतो आणि आलेला राग पोटात राहत नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी तक्रार करायला नको.

दादाची मुलगी, म्हणजे माझी भाची, टपाल वाटते. जावई बोटीवर असतो, सहा-सहा महिने घरी येत नाही. म्हणून ती आणि तिची मुलगी दादाकडेच, दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतात. ही मुलगी नऊ वर्षांची, आणि तिलाच सगळी गल्ली जजबाई म्हणते. चार वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की ती दादाच्या गल्ल्याजवळच्या उंच स्टुलावर चढून बसायची. संध्याकाळचा पहिला घाणा निघाला की पहिली बशी तिची. दादा हात पुसून तिच्यासमोर उभा राहायचा आणि अगदी अदबीने विचारायचा, "जजबाई, निकाल?" ती डोळे मिटून चावायची. मग एक तर "मंजूर" म्हणायची, नाही तर "पुन्हा". पुन्हा म्हणाली की दादा खरंच पुन्हा करायचा. गिऱ्हाइकंही तोवर थांबायची, कारण पोरगी चुकत नसे. एकदा म्हणाली, "बटाटा गोड लागतोय." दादाने पोतं उलटं केलं तर तळाशी सगळे जुने, मोड आलेले बटाटे.

आता माझ्याकडचं सांगते. शाळा सुरू व्हायच्या आधी मी मुलांची मापं घेते. मापाच्या जुन्या वह्या मी फेकत नाही. पूर्वी नऊ वर्षांच्या पोराची कंबर तेवीस, फार तर चोवीस इंच असायची. गेल्या काही वर्षांत अठ्ठावीस, तीस लिहायला लागले, आणि कुणाला त्याचं काही वाटेना. शाळेने तर निरोपच पाठवला, पट्टे लागत नाहीत, सगळ्यांना इलॅस्टिक लावा. लावलं. इलॅस्टिक लावलं की कुणाच्या लक्षातच येत नाही.

पण जजबाईचा गणवेशाचा पिनो आला आणि माझं डोकं फिरलं. एका वर्षात मी तो दोनदा उसवून सैल केला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा शिवणीत कापडच उरलं नव्हतं. तो पिनो हातात घेऊन मी तशीच शेजारी गेले आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाले, "दादा, तू तळतोस आणि मी उसवते. किती दिवस चालायचं हे?"

दादाचा चेहरा पडला. मग तोही तापला. म्हणाला, "तुझ्या दुकानात येऊन मी कधी बोललोय का काही?" आणि चार दिवस माझ्याशी अबोला. माझंही काही अगदीच बरोबर होतं असं नाही. रोज संध्याकाळी त्याच्या काचऱ्या चहाबरोबर मीच चापत होते. माझी कंबर मोजायला कुणी येत नाही, म्हणून बरं.

पाचव्या दिवशी भाची पोरीला दवाखान्यात घेऊन गेली. शाळेचे दोन जिने चढताना ती धापा टाकायला लागली होती. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. त्यांनी रक्त तपासलं, पोट तपासलं आणि सांगितलं की घाबरू नका, पण साखर काठावर आहे आणि यकृतावर चरबी आलीय, आत्ताच सांभाळलंत तर सगळं मागे जाईल. बाहेरचं तळलेलं बंद करा. भाची घरी आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, बाहेरचं म्हणजे तुमचंच."

दादा घाबरला. आमच्या घरात भीती वाटली की माणूस ओरडतो, हे आमच्या रक्तातच आहे. संध्याकाळी जजबाई नेहमीसारखी स्टुलावर चढायला लागली तर हा खेकसला, "खाली उतर. आजपासून तू इथे बसायचं नाही. तुला काही मिळणार नाही." रांगेत आठ-दहा मुलं होती. त्यातला एक हसून म्हणाला, "जाडी झाली ना, म्हणून काढलं जजबाईंना." पोरीने स्टूल उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवलं आणि जिना चढून वर गेली. भिंतीपलीकडून मी सगळं ऐकत होते. मलाही उठून जायचं सुचलं नाही.

त्या दिवसापासून तिने आजोबांशी बोलणं टाकलं. एकाच घरात, एकाच टेबलाशी बसून. "आई, त्या गृहस्थांना सांग, पंखा कमी करा." "आत्याआजी, त्या गृहस्थांना सांग, त्यांचा चष्मा न्हाणीघरात राहिलाय." दादाने काही केलं की ते तिला चालेना. त्याने सोललेलं संत्रंसुद्धा ती बशीत तसंच ठेवून उठायची. भाचीने समजावलं, मी समजावलं, रागे भरून पाहिलं. नऊ वर्षांची मुलगी, पण हट्टाला आमच्याच घरावर गेलेली.

नेमक्या त्याच दिवसांत शाळेच्या खेळाच्या बाई गल्लीत दारोदार हिंडत होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चाळीस मुलांना मैदानाला एक फेरी मारायला सांगितली की चौदा जण खाली बसतात. मोठ्या सुट्टीत सगळ्यांना कडकडून भूक लागते, आणि समोर जे असेल ते मुलं खातात. "मग समोर काय असावं ते आपण ठरवू या ना," बाई म्हणायच्या. "पटकन मिळणारं, हातात धरून खाता येणारं, पण पोटाला बरं. गल्लीनेच करायचं, गल्लीनेच चालवायचं." अकरा घरं तयार झाली. पहिली बैठक माझ्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून झाली. सगळं ठरलं आणि मग प्रश्न आला जागेचा. फाटकासमोर खोली हवी. सगळ्यांनी माझ्या भिंतीकडे बघितलं. विचारायला अर्थातच मला पाठवलं.

मी तोंड उघडायच्या आधीच दिसलं की दादाची कढई उपडी घातलेली आहे. तेलाचे डबे पार रिकामे. तो कोपऱ्यातल्या त्या स्टुलावरची धूळ पुसत होता. म्हणाला, "भिंतीतून ऐकलं सगळं. खोली घ्या. मलाही घ्या."

मी म्हटलं, "दादा, सव्वीस वर्षांचा धंदा आहे."

"असू दे. जजबाईंना परत बसवायचं तर त्यांच्यापुढे ठेवता येईल असं काही तरी हातात पाहिजे ना? नुसतं 'चल बस' म्हटलं तर ती बसणार आहे का?"

एवढंच त्याला हवं होतं. बाईंना शाळा सुधारायची होती, गल्लीला मुलं. दादाला त्याची नात परत पाहिजे होती.

पहिला आठवडा असा गेला की आठवलं तरी हसू येतं. ठरलं होतं की रोज दोन-दोन घरांनी पाळीपाळीने करून आणायचं. जाड्या पिठाचा पाव, आत उकडून चेचलेले चणे, टोमॅटोचा दाट रस आणि वर भाजी. पण अकरा घरांनी त्यात आपापली अक्कल चालवली. एका काकूंच्या यजमानांना रक्तदाब, म्हणून त्यांचं सगळं अळणी. दुसऱ्या घरी मिरपुडीचा हात सैल. तिसरीने गाजर कच्चंच ठेवलं, का तर कच्चं जास्त पौष्टिक. एका घरचं गाजर बोटाएवढं, दुसऱ्या घरी त्याचा पार भुगा. वर खेळाच्या बाईंनी भला मोठा फळा लावला. कशात काय आहे, त्याने हाडांना काय होतं, डोळ्यांना काय होतं. एक पोरगा तो फळा सगळा वाचून म्हणाला, "काका, हे जेवणाआधी घ्यायचं का जेवणानंतर?" आणि निघून गेला. साठ पावांतले जेमतेम एकोणीस जायचे. उरलेलं आम्ही अकरा घरं रात्री जेवायचो. त्या आठवड्यात गल्लीत सगळ्यांत पौष्टिक कुणी खाल्लं असेल तर ते आम्हीच.

आणि दादाचे हाल वेगळेच. कुणी तरी वापरातला ओव्हन आणून दिला होता. दादा त्याच्यासमोर हात बांधून उभा राही. दोन ताटं करपवली, तिसरं कच्चं काढलं. मला म्हणाला, "हे बोलतच नाही गं. आत काय चाललंय ते मला कळणार कसं?" सव्वीस वर्षं हाताखालचा माल त्याला सांगत आला होता, आणि आता ही मुकी पेटी.

रविवारी पुन्हा बैठक बसली. सगळ्यांची तोंडं उतरलेली. बाई म्हणाल्या की मुलांना कंटाळा येत असेल, रोज वेगळा पदार्थ ठेवू, आठवड्याचे सहा. तेव्हा बैठकीत कधी न बोलणारा दादा बोलला.

"बाई, रागावू नका. तुम्ही शिकवता, मी विकतो. पोराला नवल नको असतं, त्याला भूक लागलेली असते. काल जे खाल्लं तेच त्याला आज पाहिजे असतं, आणि अगदी तसंच. माझ्या काचऱ्या सव्वीस वर्षं एकाच चवीच्या होत्या, म्हणून मुलं येत होती. तुमच्या कुणाच्या हाताला चव नाही असं नाही. पण अकरा चवी आहेत. एकच ठेवा. आणि सुट्टी वीस मिनिटांची आहे. पोराला रांगेत चार मिनिटांच्या वर उभं केलं तर ते पाकीटबंद काही तरी उचलून मोकळं होणार."

बाई जरा घुश्शात आल्या. म्हणाल्या, "म्हणजे रोज एकच पदार्थ? याला काय अर्थ आहे?" हो-नाही करता करता वादावादी झाली, अळणी काकू आणि मिरपूडवाल्या काकू एकमेकींची उणीदुणी काढायला लागल्या, शेवटी हात वर करायला लावले. दादा एका हाताने जिंकला. तो हात माझा होता, आणि मी तो अजूनही त्याला ऐकवते.

मग मीही कामाला लागले. गाजर-कोबीचे तुकडे एकसारखे नसतील तर काही कच्चं राहतं आणि काही करपतं, हे दादाचं म्हणणं. माप म्हटलं की माझा प्रांत. कॉलरमध्ये घालायच्या कडक बकरमच्या मी अकरा पट्ट्या कापल्या आणि प्रत्येकीवर दोन खुणा केल्या, एक लांबीची, एक जाडीची. घरोघरी एकेक पट्टी दिली. आता घरी नुसतं चिरायचं, शिजवायचं दुकानात दादाने. सकाळी मी दारात उभी राहून डबे तपासायची. "काकू, तुमचं गाजर खुणेबाहेर गेलंय, परत." "वहिनी, हा कोबी आहे की दोरा?" सुरुवातीला सगळ्या माझ्यावर चिडल्या. पंधरा दिवसांत एकमेकींचे डबे उघडून त्याच तपासायला लागल्या.

राहिला प्रश्न शिजवायचा. दादाने ओव्हन पाव भाजण्यापुरता ठेवला आणि भाजीसाठी मोठा लोखंडी तवा आणला. बोटभर तेलाचा हात फिरवून भाजी टाकायचा. ती बापडी तव्यावर गप्प पडून राहायची, खालून करपायची आणि वरून कच्ची. तीन दिवस त्याने असे घालवले.

चौथ्या दिवशी दुपारी मी मशीनवर होते. भिंतीपलीकडून चुर्र आलं. चांगलं खणखणीत, पूर्वीसारखं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, शेवटी गेला वाटतं तेलाच्या वळणावर. कात्री हातात तशीच धरून मी तणतणत शेजारी गेले. दादा तव्याशी उभा होता, ओला हात वर धरलेला, आणि हसत होता. इतका हसत होता की त्याला बोलता येईना.

"कढई बाहेर काढलीस ना?" मी ओरडले.

"पाणी आहे गं," तो म्हणाला. "नुसतं पाणी. तवा धुवायला ओंजळभर टाकलं, तर हे ओरडलं."

त्याने माझ्यासमोर तव्यावर भाजी पसरली, ओंजळभर पाण्याचा हबका मारला आणि वर झाकण घातलं. आतून आधी ओरडणं, मग बडबड. दादाने मान वाकडी करून कान दिला. बडबडीची कुजबुज झाली तसं त्याने झाकण काढलं, कालथा फिरवला. भाजी आतून मऊ, वरून खरपूस. मी कात्री ठेवली आणि हातानेच उचलून खाल्ली. जीभ भाजली, पण तेव्हा मला रडू आलं ते जीभ भाजल्यामुळे नव्हे. इतक्या दिवसांनी माझा भाऊ हसताना दिसला होता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सुट्टीत त्याने खिडकी सताड उघडी ठेवली आणि तव्यावर पाणी मारलं. फाटकातून मुलांचे चेहरे वळले. जी मुलं आठवडाभर फिरकली नव्हती ती आवाजाने आली. दादाने बाईंचा फळा पुसायला लावला. म्हणाला, "भुकेल्याला वाचायला लावू नका." पदार्थाला नाव द्यायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. ते मुलांनीच दिलं. "एक चुर्र द्या काका." त्या दिवशी साठ गेले. महिन्याभरात नव्वद व्हायला लागले, आणि पाव भाजायचा, भरायचा, हातात द्यायचा, सगळं इतक्या झपाट्याने की रांग हलतच राहायची. पोरं बारीक झाली असं मी सांगत नाही, ते एवढ्यात होत नसतं. पण पाकिटांचा कचरा फाटकाशी दिसेनासा झाला आणि खेळाच्या बाई स्वतः रोज एक चुर्र खायला लागल्या.

सगळं झालं, पण जजबाई काही आली नाही. मोठ्या सुट्टीत ती फाटकाबाहेरच पडत नसे. शाळा सुटली की खिडकीसमोरून मान ताठ करून जिन्याकडे जायची. घरात अजून "त्या गृहस्थांना सांगा" चालूच. मुलांची झुंबड उडालेली असायची आणि दादा मात्र प्रत्येक तवा उतरवताना फाटकाकडे एकदा बघायचा. मला विचारायचा, "चव बरी आहे ना गं?" मी म्हणायची, फक्कड आहे. तर म्हणायचा, "तू सगळ्यालाच फक्कड म्हणतेस. निकाल देणारं माणूस नाही, तर मी कशाच्या जोरावर विकतोय तेच कळत नाही." सहा आठवडे तो असाच चाचपडत विकत होता.

जजबाईच्या वर्गात एक मुलगी आहे. दोन मिनिटं एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. ही भिंगरी रोज खिडकीवर यायची आणि दोन चुर्र न्यायची. दादाने विचारलं तर म्हणायची, "एक आत्ता, एक नंतर." दादाला केवढं कौतुक. सगळ्यांना सांगायचा, बघा, पोरीला किती आवडतं.

मग शाळेच्या शर्यतींसाठी नवे कपडे शिवायचे निघाले आणि भिंगरी माप द्यायला आली. मी टेप लावली. कंबर साडेएकवीस. वही काढली. वर्षाच्या सुरुवातीलाही साडेएकवीस. मी पुन्हा मोजलं. दीड महिना रोज दोन भरले पाव खाणाऱ्या पोरीची कंबर अर्ध्या दोऱ्यानेसुद्धा हलली नव्हती.

तोंडात टाचण्या धरूनच मी विचारलं, "काय गं, दोन-दोन चुर्र खातेस, जातात कुठे?"

ती टेपेकडे बघत राहिली. "शपथ घातलीय."

"कुणी?"

"ते सांगितलं तर शपथ मोडेल ना आजी."

मी टाचण्या काढून ठेवल्या. "जजबाईने?"

"मी नाव घेतलेलं नाही हां," भिंगरी घाईघाईने म्हणाली. मग तिला राहवेना. "ती शाळेच्या जिन्याखाली बसते, पाण्याच्या टाकीजवळ. मी तिथे नेऊन देते. आजोबांना कळता कामा नये म्हणते."

"आणि खाऊन झाल्यावर काय म्हणते?"

"कधी मंजूर म्हणते. कधी पुन्हा. काल पुन्हा म्हणाली."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे मी आधीच सांगितलंय. तरी मी संध्याकाळपर्यंत कळ काढली. मग दादाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो मटकन स्टुलावर बसला. मला वाटलं रडतोय की काय. तर त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही, "काल पुन्हा का म्हणाली?" आणि मग स्वतःच म्हणाला, "बरोबर आहे. काल टोमॅटो कमी पडले होते. मी रसात पाणी घातलं होतं." त्यानंतर त्याने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आली तेव्हा त्याने दोन्ही पाव तिच्या हातात दिले आणि दुसऱ्यावर बोट ठेवून अदबीने म्हणाला, "हा ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचारशील का, आज निकाल काय?" भिंगरीने माझ्याकडे असं काही बघितलं की मी नजर चुकवली.

उत्तर त्याच सुट्टीत आलं. भिंगरी पळत आली, रांगेत घुसली, खिडकीला लोंबकळली आणि पाठ केल्यासारखं म्हणायला लागली, "मीठ बरोबर. टोमॅटो आज घट्ट आहे, ते बरं झालं. पाव जरा कमी भाजलाय. आणि..." ती थांबली. "आणि विचारलंय, मला का काढलं."

तव्यावर भाजी ओरडत होती. दादाने कालथा खाली ठेवला. सव्वीस वर्षांत पेटत्या चुलीपासून तो कधी हलला नव्हता, वहिनीच्या आजारपणातसुद्धा आधी चूल बंद करायचा. आज तो माल तव्यावर टाकून निघाला. मला म्हणाला, "तू बघ." मला कुठलं बघायला होतंय. मी कालथा चुर्र घ्यायला आलेल्या खेळाच्या बाईंच्या हातात कोंबला आणि त्याच्यामागे धावले. फाटकावर रखवालदाराने हटकलं, बाहेरच्यांना आत सोडत नाही म्हणून. दादा म्हणाला, "मी बाहेरचा नाही," आणि एप्रनसकट आत गेला.

जजबाई जिन्याखाली टाकीच्या कट्ट्यावर बसली होती, हातात अर्धा खाल्लेला पाव. आम्हाला बघून तिने तो पाठीमागे लपवला. दादाचे गुडघे दुखतात, पण तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"मी तुला काढलं नाही," तो म्हणाला. "डॉक्टर बोलल्या आणि माझे हातपाय गळाले. पाच वर्षं मीच तुला भरवत होतो. ओरडायचं होतं मला स्वतःवर, आणि ओरडलो तुझ्यावर. तेही चारचौघांत."

ती माझ्याकडे वळली. "आत्याआजी, त्यांना सांग, तो रांगेतला मला जाडी म्हणाला तेव्हा ते काहीच बोलले नाहीत."

मला सांगायची काही गरज पडली नाही. दादाने मान खाली घातली. "नाही बोललो. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. रांग थांबवून बोलायला हवं होतं. तू माझी नात आहेस, तू कशीही असलीस तरी तुझ्यावर हसलेलं मला चालणार नाही, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

तिने पाठीमागचा पाव पुढे आणला. शाळेची घंटा झाली. वर जिन्यावरून मुलांचे पाय धडधडत गेले. भिंगरी माझ्या पदराला धरून उभी होती आणि चक्क स्थिर उभी होती.

"आजोबा," जजबाई म्हणाली, "भिंगरी इथपर्यंत आणते तोवर हा गार होतो. गार खाऊन निकाल देता येत नाही. उद्यापासून मी तिथे येऊन खाणार."